महाडीबीटीचा फॉर्म भरताय? आधी हे वाचा

पहिल्या वर्षाला प्रवेश झाला की सगळे 'स्कॉलरशिप, स्कॉलरशिप' करतात, पण महाडीबीटीच्या (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या) फॉर्मपेक्षा खरी गोची बँक खात्यात असते. खातं आधारला 'लिंक' असणं (बँकेकडे आधार नंबर नोंदलेला असणं) वेगळं आणि 'सीडिंग' झालेलं असणं (सरकारी पैसे जमा होण्यासाठी तेच खातं आधारशी जोडलेलं असणं) वेगळं. पैसे सीडिंग झालेल्या खात्यातच येतात. घरातल्यांनी कधीतरी दुसऱ्या बँकेत तुझं खातं उघडून तिथे सीडिंग केलं असेल, तर रक्कम तिकडे जाते आणि तू इकडे पासबुक भरत बसतोस. माझा पहिला हप्ता असाच चार महिने 'हरवला' होता. आधारच्या वेबसाइटवर सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत कळते. ती आजच बघ.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो. शेवटच्या आठवड्यात सेतूत रांग लावू नकोस.

खुल्या प्रवर्गातला असशील आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना बघ. मात्र इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास तर विसर. वसतिगृहात राहणार असशील तर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता वेगळा, त्याचा अर्जही वेगळा. बहीण असेल तर तिला सांग, 2024-25 पासून मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफीचे नियम आणखी चांगले झालेत.

अर्ज सबमिट केला म्हणून निवांत होऊ नकोस. कॉलेजच्या क्लार्कने तो परत पाठवला, तर दुरुस्ती तुलाच करायची असते. दर आठवड्याला लॉगिन कर. क्लार्कशी गोड बोल, हेही सांगून ठेवतो.