आवाज येत नाही म्हणून लगेच उघडू नकोस

मंगळवार बाजारातून जुना अँप्लिफायर उचललास, छान केलंस. पण आवाज नाही म्हणून लगेच स्क्रू-ड्रायव्हर घेऊ नको बे.

आधी प्लग काढ. स्पीकरच्या वायरीचं टोक साधारण एक सेंटिमीटरच सोल आणि पीळ घाल. एक सुटी तार जरी शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद देणारे आतले भाग) जाऊ शकतात, आणि त्या काळचे ट्रान्झिस्टर आता शोधत फिरावं लागतं. लाल लालला, काळी काळीला. मागे ८ ओहम (स्पीकरचा विद्युत रोध) लिहिलं असेल तर ४ ओहमचे स्पीकर लावू नकोस.

आता खरी गंमत. पुढचं 'टेप मॉनिटर' बटण दाबलेलं असेल तर अँप्लिफायर टेप डेकची (कॅसेट वाजवायच्या यंत्राची) वाट बघत बसतो, बाकी काहीच वाजत नाही. मी स्वतः त्यापायी एक अख्खा रविवार घालवलाय! स्पीकर निवडायचा स्विच फक्त 'ए'वर ठेव. काही मॉडेलांत 'ए' आणि 'बी' या स्पीकरच्या दोन जोड्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेल्या असतात, एकच जोडी असेल तर दोन्ही दाबल्यावर सगळंच गप्प. मागे 'प्री आउट' आणि 'मेन इन' अशी भोकं असतील तर त्यांना जोडणाऱ्या पिना आहेत का, तेही बघ; त्या नसतील तर आवाज पुढे जातच नाही.

एकच बाजू बंद? प्लग काढून स्पीकर डावे-उजवे बदल. मुका स्पीकर दुसऱ्या बाजूला वाजला तर दोष अँप्लिफायरचा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर आपल्या सोलापूरची धूळच ती; कॉन्टॅक्ट क्लीनर मार. तुझ्या मॉडेलात रिले (स्पीकर जोडणारा आतला आपोआप चालणारा स्विच) असेल आणि चालू केल्यावर काही सेकंदांनी त्याचा 'टक' येत नसेल, तर मात्र मेकॅनिककडेच ने.