रक्तहिरे, संघर्ष हिरे की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकन हिपहॉपमध्ये आफ्रिकेतल्या हिऱ्यांवर जी गाणी झाली त्यांच्याविषयी मराठीत लेख लिहिते आहे. 'कॉन्फ्लिक्ट डायमंड' आणि 'ब्लड डायमंड', म्हणजे ज्यांच्या पैशावर लढाया चालल्या आणि ज्यांच्यापायी रक्त सांडलं ते हिरे, यांसाठी रक्तहिरे, रक्तरंजित हिरे, संघर्ष हिरे, संघर्षग्रस्त हिरे असं काय वाट्टेल ते छापलेलं दिसतं. यातलं बरोबर कोणतं? शिवाय रॅपरांच्या अंगावरच्या झगमगाटाला, 'ब्लिंग'ला, काय म्हणावं?"

'संघर्षग्रस्त हिरे' पहिल्या फटक्यात बाद करा. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला. पूरग्रस्त गाव असतं, दुष्काळग्रस्त तालुका असतो, तसा संघर्षग्रस्त प्रदेश असू शकतो. हिऱ्याला कशाने ग्रासलेलं नसतं. उलट त्याच्यामुळे माणसं ग्रासली गेली, आणि हा शब्द नेमकं तेच उलटं करून टाकतो.

'संघर्ष हिरे' व्याकरणात बसतं, पण मराठी कानाला भलतंच सांगतं. आपल्याकडे संघर्ष हा मानाचा शब्द आहे. संघर्ष समिती, संघर्ष यात्रा, आईने संघर्ष करून मुलं शिकवली, असा. त्यामुळे 'संघर्ष हिरे' वाचलं की खाणकामगारांनी लढून मिळवलेले हिरे वाटावेत. इंग्रजी शब्दाला ही चांगुलपणाची किनार नाही. तिथे सरळ लढाई आहे, बंदुकीची.

'रक्तहिरे' सगळ्यांत जास्त रुळलाय, आणि माझी सगळ्यांत मोठी हरकत त्यालाच आहे. रक्तदान, रक्तगट, रक्तदाब यांत रक्त म्हणजे शरीरातलं रक्त, हे खरं. पण पुढे एखाद्या वस्तूचं नाव आलं की मराठीत रक्त म्हणजे तांबडं होतं: रक्तचंदन, रक्तकमल. त्या चालीने रक्तहिरा म्हणजे तांबडा हिरा. आणि तांबडे हिरे खरोखर असतात, रंगीत हिऱ्यांमधले ते अत्यंत दुर्मिळ आणि महागडे. ज्या शब्दाने किळस यायला हवी तो शब्द हिऱ्याचा भाव वाढवतो! 'रक्तरंजित'ही त्याच जातीचा, वर रोजच्या बातम्यांत वापरून वापरून झिजलेला.

मी दोन शब्द सुचवतो, आणि ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत असा माझा आग्रह आहे.

'कॉन्फ्लिक्ट डायमंड'ला 'युद्धहिरे'. ही कायद्यातली संज्ञा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2000 मधल्या ठरावात तिचा अर्थ बांधून दिला: बंडखोर गट आपल्या लष्करी कारवायांचा खर्च भागवण्यासाठी वापरतात ते कच्चे हिरे. यात 'कच्चे' आणि 'बंडखोर' हे दोन्ही शब्द भार पेलतात, लेखात ते गाळू नका. हिरे असे नाहीत याची कागदोपत्री हमी देणारी, 2003 पासून लागू झालेली किंबर्ली प्रमाणपत्राची आंतरराष्ट्रीय पद्धत याच व्याख्येवर उभी आहे. ती फक्त कच्च्या मालाला लागू होते, ज्याला आपले व्यापारी 'रफ' म्हणतात. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात, त्यांचा मोठा व्यापार मुंबईत, पूर्वी ऑपेरा हाउसला आणि आता वांद्रे-कुर्ला संकुलात चालतो. तिथे परदेशातून येणाऱ्या प्रत्येक रफच्या पाकिटाबरोबर हे प्रमाणपत्र लागतं. पैलू पडले की त्या हिऱ्याची या पद्धतीतून सुटका झाली.

'ब्लड डायमंड'ला 'रक्ताचे हिरे'. घामाचा पैसा, पापाचा पैसा म्हणतो तसं. हा 'चे' सगळं काम करतो: कशातून आलं ते सांगतो, आणि रंगाचा घोटाळा होत नाही. ही संज्ञा कायद्यातली नाही, लोकांच्या तोंडची आहे, म्हणून तिचा पसाराही मोठा. झिंबाब्वेमध्ये मारांगेच्या हिरेक्षेत्रात 2008 मध्ये सरकारी फौजांनीच खोदणाऱ्यांना मारलं. मारणारे बंडखोर नव्हते, म्हणून किंबर्लीच्या व्याख्येत ते हिरे बसेनात. याच विषयावर वर्षानुवर्षं काम करणारी ग्लोबल विटनेस ही संस्था 2011 मध्ये किंबर्लीतून बाहेर पडली. मारांगेचे हिरे 'युद्धहिरे' नव्हते, 'रक्ताचे हिरे' मात्र होते. दोन शब्द वेगळे ठेवले तरच हे वाक्य मराठीत लिहिता येतं.

आता तुमच्या गाण्यांकडे. तुमच्या यादीत कान्ये वेस्ट या अमेरिकन रॅपरचं 2005 चं 'डायमंड्स फ्रॉम सिएरा लिओन' पहिलं असणार. त्याच्या शीर्षकाचं 'सिएरा लिओनचे हिरे' असं भाषांतर करू नका. तिथला 'चे' मालकी सांगतो, आणि दुखणं नेमकं हेच की ते हिरे त्या पश्चिम आफ्रिकी देशाचे राहिले नाहीत. 'सिएरा लिओनहून आलेले हिरे' म्हणा. 'हून'मध्ये वाट दिसते: कोनो जिल्ह्यातून सीमेपलीकडे लायबेरियात, तिथून युरोपच्या बाजारात, तिथून कुणाच्या तरी गळ्यात. सिएरा लिओनमधली यादवी मार्च 1991 ते जानेवारी 2002 चालली. फोडे सँकोच्या आरयूएफ या बंडखोर संघटनेने हिऱ्यांच्या बदल्यात लायबेरियाच्या चार्ल्स टेलरकडून शस्त्रं घेतली, गावंच्या गावं जाळली, हजारोंचे हात तोडले. टेलरला 2012 मध्ये 50 वर्षांची शिक्षा झाली.

या गाण्याच्या दोन आवृत्त्या आहेत, हे लेखात स्पष्ट यायला हवं, कारण गंमत नव्हे, गाभाच तिथे आहे. पहिल्या आवृत्तीत शीर्षक सोडलं तर सिएरा लिओन नाहीच. कान्ये स्वतःविषयी आणि आपली गाणी काढणाऱ्या रॉक-अ-फेला या संगीत कंपनीविषयी गातो. दोन्ही हातांची बोटं जुळवून केलेली हिऱ्याची खूण हे त्या कंपनीचं चिन्ह. चित्रफीत मात्र खाणीतली मुलं दाखवते. मग दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात तो थेट बोलला: इथे आम्ही अमली पदार्थांनी मरतो, तिथे ते आम्ही त्या पैशातून जे विकत घेतो त्याने मरतात. हात तोडलेल्या मुलाचं चित्र पाहिल्यावर आपल्या गळ्यातला हिरेजडित येशू उतरवावा का, हा प्रश्न तो स्वतःला विचारतो आणि उतरवतोच असं सांगत नाही. मला हे कडवं मोलाचं वाटतं ते या कबुलीमुळे. त्याच आवृत्तीत जे-झी या दुसऱ्या रॅपरचं कडवं आहे, ते मात्र पुन्हा स्वतःच्या व्यवसायाकडे वळतं. दोन्ही गोष्टी लिहा.

तेव्हाचा काळही सांभाळा. गाणं आलं तेव्हा यादवी संपून तीन वर्षं झाली होती, तिथल्या कच्च्या हिऱ्यांवरची संयुक्त राष्ट्रांची बंदीही 2003 मध्ये उठली होती. म्हणून 'सिएरा लिओनमधून युद्धहिरे येत होते' असा भूतकाळच हवा. गाण्याने लढाई थांबवली असं सुचेल असं वाक्य टाळा. ज्यांच्या गळ्यात हिरे होते त्यांच्या कानावर ती गोष्ट गेली, एवढं त्याचं श्रेय, आणि ते लहान नाही.

2007 च्या 'ब्लिंग: अ प्लॅनेट रॉक' या माहितीपटाचा उल्लेख जरूर करा. रेक्वॉन, टेगो काल्देरॉन आणि पॉल वॉल हे तिघे रॅपर त्यात सिएरा लिओनला जातात. पॉल वॉल ह्यूस्टनचा, दातांवर बसवायची हिरेजडित कवचं विकणारा. म्हणजे या व्यवहाराच्या विकणाऱ्या टोकाला बसलेला माणूस खोदणाऱ्या टोकाला जाऊन उभा राहतो. तिथलं वर्णन करताना 'खाण' शब्द जपून वापरा. खाण म्हटलं की आपल्यापुढे जमिनीत खोल गेलेला बोगदा उभा राहतो. कोनोत बरेचसे हिरे नदीने वाहून आणलेल्या खडीत सापडतात. माणसं गुडघाभर, कमरेभर गढूळ पाण्यात उभी राहून गोल चाळणीत खडी घेतात, ती फिरवतात, हलकी वाळू पाण्याबरोबर काठावरून निघून जाते आणि जड खडे मधोमध जमतात. त्यांत बोटं फिरवून शोधायचं. फावडं आणि चाळणी एवढ्यावर हे भागतं, यंत्रं लागत नाहीत. म्हणूनच बंदूकवाल्यांना तो भाग ताब्यात घेऊन माणसं जुंपणं सोपं गेलं. 'नदीकाठची खोदाई' किंवा 'खडीतले खड्डे' म्हटलं तर वाचकाला हे आपोआप कळेल.

राहिला 'ब्लिंग'. न्यू ऑर्लिन्सच्या बी.जी. या रॅपरच्या 1999 च्या गाण्याने 'ब्लिंग ब्लिंग' घरोघरी नेला. प्रकाश हिऱ्यावर पडल्यावर जर आवाज झाला असता तर तो कसा झाला असता, तसा हा शब्द आहे. असे शब्द मराठीत रग्गड: लखलख, झगमग, चमचम, चकचक. वर्णन करताना 'लखलखाट' बिनधास्त वापरा. पण ब्लिंगमध्ये साखळ्या, दात, गाडीची चाकं आणि 'बघा, मी आलो' ही ऐट सगळंच येतं, त्यामुळे संस्कृतीविषयी बोलताना 'ब्लिंग'च ठेवा, देवनागरीत. हिऱ्यांना रॅपर 'आइस' म्हणतात तिथे 'बर्फ' लिहू नका, अर्थ गोठतो. आपल्याकडे हिऱ्यामोत्यांच्या तेजाला 'पाणी' म्हणतातच. 'पाणीदार हिरे' हा त्याला सरळ, घरचा शब्द आहे.

लेखाची सुरुवात साधारण अशी करून पाहा: "बंडखोरांच्या बंदुकांचा खर्च ज्या कच्च्या हिऱ्यांतून निघतो त्यांना युद्धहिरे म्हणतात. लोक त्यांना रक्ताचे हिरे म्हणतात, आणि त्यात सरकारी फौजांनी सांडलेलं रक्तही धरतात. 2005 मध्ये एका अमेरिकन रॅपरने स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कुठून आलं?"