चित्रपट संपल्यावर प्रश्नपत्रिका नको

पत्र : ताई, आम्ही नाशिकला राहतो. माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून यंदा दहावीला आहे आणि मुलगी तेरा वर्षांची आहे. दर रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एक चांगला चित्रपट पाहायचा आणि मग प्रत्येकाने त्यातून काय शिकायला मिळाले ते सांगायचे, असा नियम मी केला. पण मुले नाके मुरडतात. मागे ‘फँड्री’ लावला होता. त्यातल्या मुलाला हिणवण्याचे प्रसंग वाढू लागले, तेव्हा मुलीला त्रास होईल म्हणून मी तो मध्येच बंद केला. त्यावर मुलगा म्हणाला, “बाबा टीव्हीवर डब केलेले मारामारीचे सिनेमे बघतात, तेव्हा तू कधी रिमोट उचलत नाहीस.” मला उत्तर सुचले नाही. संस्कारक्षम चित्रपटांची एखादी यादी द्याल का? – एक आई

उत्तर : तुमच्या मुलाचे बोलणे तुम्हांला उद्धट वाटले असेल, परंतु त्याचा आक्षेप बिनतोड आहे, आणि यादीच्या आधी त्याचाच विचार करायला हवा. टीव्हीवरच्या त्या मारामारीत वीस-वीस माणसे हवेत उडतात. त्यांतल्या एकालाही नाव नसते, घर नसते, आणि पुढचे गाणे सुरू होईपर्यंत पाहणारा त्यांना विसरून गेलेला असतो. ‘फँड्री’त एका कुटुंबाला सगळ्या गावादेखत डुक्कर पकडायला लावले जाते, शाळेतली मुले कडेला उभी राहून हसतात, आणि हा सगळा प्रकार त्या कुटुंबातल्या जब्याला त्याच शाळेत शिकणारा मुलगा म्हणून सोसावा लागतो. तिथे अपमान कोणाचा होतो आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणूनच ते पाहवत नाही आणि हात रिमोटकडे जातो. मारामारीच्या चित्रपटात कोणालाच काही दुखत नाही, त्यामुळे तिथे तो जात नाही. माझ्या मते तेरा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी यांतला मारामारीचा प्रकारच अधिक काळजी करण्यासारखा आहे.

यातून निवडीची एक कसोटी हाती लागते. चित्रपटात वाईट काय आहे एवढे मोजून थांबू नये. जे वाईट घडते त्याची किंमत कोण मोजतो आणि त्या माणसापाशी चित्रपट थोडा वेळ थांबतो की घाईने पुढे निघून जातो, हे पाहावे. वयाची प्रमाणपत्रे या कामी अपुरी पडतात. २०२४ पासून चित्रपटांच्या ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावे अशा) वर्गात ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत, आणि ओटीटीवर १३ वर्षांच्या व त्यापुढच्या वर्गातील मजकुरासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. या सोयी जरूर वापराव्यात. मात्र त्या फक्त सावध करतात, चित्रपट पाहण्याजोगा आहे की नाही हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी तुम्ही तो आधी एकटीने पाहणे याला पर्याय नाही. दुपारी दोन तास काढणे कठीण असते, हे मान्य. मग महिन्यातून दोनच चित्रपट पाहा.

‘संस्कारक्षम’ या अपेक्षेबद्दल मात्र मला थोडे स्पष्ट बोलावे लागेल. शेवटी काय शिकलो ते सांगायचे आहे, हे ज्या मुलाला आधीच ठाऊक असते, ते मूल चित्रपट पाहतच नाही. ते तात्पर्य शोधत बसते आणि सापडले की मोकळे होते. दहावीच्या वर्षात त्याच्यामागे पुरेशा परीक्षा आहेत. म्हणून तुमचा नियम मागे घ्या, आणि चित्रपटानंतर बोलायचेच असेल तर स्वतःबद्दल बोला. ‘फँड्री’ बंद का केला हे मुलीला प्रामाणिकपणे सांगा, आणि तिची तयारी असेल तर जिथे थांबलात तिथून पुढे लावा. डुकराच्या मागे धावताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि ते कुटुंब जागच्या जागी उभे राहते, तो प्रसंग पुढेच आहे. तो पाहून मुले गप्प राहिली तर तुम्हीही गप्प राहा.

आता काही नावे सांगते. सर्वांत आधी अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ लावा. वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे कोकणातल्या एका गावात आलेल्या चिन्मयची ही गोष्ट आहे : नवी शाळा, नवे मित्र, त्यांनी एकदा ऐन पावसात त्याला किल्ल्यावर एकट्याला सोडून जाणे, आणि मनात धरून ठेवलेला राग. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात २०१४ मध्ये या चित्रपटाला मिळालेला पुरस्कार मुलांच्याच परीक्षक मंडळाने दिला होता, ही गोष्ट ‘हे काहीतरी मोठ्यांना आवडणारे’ असे म्हणणाऱ्या तुमच्या मुलाला जरूर सांगा. मला मात्र त्यातली आई विशेष महत्त्वाची वाटते. अमृता सुभाष यांनी ती अशी उभी केली आहे की मुलगा स्वतःच्या दुःखात बुडालेला असताना तीही कचेरीत आणि घरात तितकीच एकटी आहे, हे प्रेक्षकाला त्याच्या आधी कळते. आपल्या आईलाही आपल्यापलीकडचे एक आयुष्य आहे, हे पंधरा वर्षांच्या मुलाला कोणी सांगून पटत नाही. हा चित्रपट ते सांगतही नाही, फक्त दाखवतो.

सुजय डहाके यांचा ‘शाळा’ दोघांनाही आवडेल. नववीतल्या मुलाचे प्रेम आणि आणीबाणीचा काळ त्यात शेजारी शेजारी येतात, आणि प्रेमाच्या विषयावर घरात अवघडलेपण असेल तर ते तिथे आपोआप थोडे सैल होते. परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ मुलीला निवडू द्या. लाडकी सायकल विकावी लागू नये म्हणून पंढरपूरच्या यात्रेत दुकान मांडणारी त्यातली मुले हुशार आहेत आणि प्रसंगी लबाडही आहेत, हे मला फार आवडते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ अतिशय मोलाचा आहे, पण त्यात खोल नैराश्यात सापडलेला तरुण आहे. तेव्हा तो सुट्टीत, मुलाची मनःस्थिती बरी असताना आणि तुम्ही आधी पाहिल्यानंतरच लावावा.

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा आपला पहिला चित्रपट कसा घडवला याची गोष्ट सांगणारा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ नाशिककरांनी न पाहणे मला पटत नाही. फाळके त्र्यंबकेश्वरचे, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित झाल्यानंतर त्यांनी आपले काम नाशिकलाच हलवले होते. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना म्हणून त्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला उभे केले आणि रोहिदासाची भूमिका स्वतःच्या मुलाला दिली. त्याआधी भांडवल उभारण्यासाठी वाटाण्याच्या बीचे रोप होताना टप्प्याटप्प्याने चित्रित करून त्यांनी लोकांना दाखवले होते. तुमचा मुलगा हाच प्रयोग मोड आलेल्या वाटाण्यावर आपल्या फोनने करू शकेल, आणि मग चित्रपट कसा घडतो याबद्दल तोच तुम्हांला चार गोष्टी सांगेल.

राहिला तुमच्या यजमानांचा प्रश्न. त्यांचे चित्रपट बंद पाडायला जाऊ नका, कारण त्याने मुलाच्या नजरेत त्यांचा मोठेपणा तेवढा वाढेल. त्याऐवजी रविवारची पाळी लावा : एक चित्रपट तुमचा, एक मुलाचा, एक मुलीचा, एक त्यांचा. प्रत्येकाच्या पाळीला बाकीच्या तिघांनी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून निदान पहिला अर्धा तास बसायचे. त्यानंतर कंटाळा आला तर उठण्याची मुभा सर्वांना असावी, तुम्हांलाही. मुलीने कोरियन काही लावले, तर खालच्या ओळी वाचत तुम्ही तो अर्धा तास नेटाने काढा, आणि अध्येमध्ये स्वयंपाकघरात जाऊ नका.