वाचकांचे प्रश्न: सर्व्हरच्या सूचनांसाठी कोणता चॅट सर्व्हर?

प्रश्न: आमच्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय परभणीत असून जिंतूर, सेलू आणि गंगाखेड येथे शाखा आहेत. सर्व्हर आणि शाखांच्या जोडण्या यांवर नागिओस हा देखरेखीचा प्रोग्राम लक्ष ठेवतो, परंतु त्याचे ई-मेल वेळेवर वाचले जात नाहीत. आम्हा तिघांना मोबाईलवर तत्काळ सूचना मिळाव्यात आणि त्यांतील माहिती बाहेरच्या कंपनीकडे जाऊ नये, यासाठी कार्यालयातच चालवता येईल असा कोणता चॅट सर्व्हर निवडावा? मॅटरमोस्ट की जॅबर?
— एक वाचक, परभणी

उत्तर: तिघांसाठी, तेही केवळ सूचनांपुरता सर्व्हर हवा असेल, तर आम्ही जॅबर, म्हणजे आजचा एक्सएमपीपी, सुचवू. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या संदेश पाठवण्याच्या पद्धतीचा प्रोसोडी हा सर्व्हर जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावरही व्यवस्थित चालतो. मॅटरमोस्ट उत्तम आहे, परंतु त्यासोबत डेटाबेसही सांभाळावा लागतो. सर्व शाखांचे रोजचे बोलणे तेथे होणार असेल तरच तो खटाटोप करावा.

नागिओससाठी वेगळे खाते उघडून सेंडएक्सएमपीपी या छोट्या प्रोग्रामद्वारे सूचना एका सामाईक गटात पाठवाव्यात. त्या गटाचे संदेश सर्व्हरवर साठवण्याची सोय चालू ठेवली, म्हणजे ज्याचा मोबाईल त्या वेळी बंद होता त्यालाही मागचे वाचता येते. नवी खाती उघडण्याची मुभा बंद ठेवावी, आणि अँड्रॉइडवरील अ‍ॅपला बॅटरी बचतीतून वगळावे, नाहीतर रात्रीची सूचना सकाळी दिसेल. ज्या सर्व्हरवर लक्ष ठेवायचे आहे, त्याच सर्व्हरवर चॅट सर्व्हर बसवू नये, हे वेगळे सांगायला नको.

खरी अडचण मात्र सर्व्हरच्या निवडीत नाही. मुख्य कार्यालयाची इंटरनेट लाईनच तुटली, तर प्रोसोडी असो वा मॅटरमोस्ट, सूचना घरी असलेल्या माणसापर्यंत पोहोचणार नाही. चॅट सर्व्हर बाहेर भाड्याने घेतला तरी नागिओस त्याच तुटलेल्या लाईनच्या अलीकडे अडकलेले असेल. म्हणून नागिओसच्या संगणकाला सिमकार्ड असलेला जीएसएम मोडेम जोडून, गामू या प्रोग्रामद्वारे केवळ अतिगंभीर सूचना एसएमएसनेही पाठवाव्यात. मोडेम आणि नागिओसचा संगणक दोन्ही यूपीएसवर हवेत, कारण आपल्याकडे लाईन आणि वीज पुष्कळदा एकदमच जातात. हे सर्व झाल्यावर इंटरनेटची केबल स्वतः काढून एसएमएस येतो की नाही, ते पाहावे.

आणखी एक. नागिओसमध्ये शाखेच्या राउटरमागील प्रत्येक संगणकासमोर तो राउटर ‘पॅरेंट’, म्हणजे ज्याच्यामार्फत तेथे पोहोचायचे तो दुवा, म्हणून नोंदवावा. मग जिंतूरची लाईन गेल्यावर नागिओस तेथील संगणक बंद न समजता आवाक्याबाहेर गेले असे समजते, आणि आवाक्याबाहेर गेल्याच्या सूचना बंद ठेवल्या असतील तर ढीगभर संदेशांऐवजी राउटरचा एकच संदेश येतो.