प्रत्येक सामन्याआधी राष्ट्रगीत लावावं का?

प्रश्न : आदरणीय बाई, स. न. वि. वि. आमच्या गावात (कोरेगाव तालुका) यात्रेनिमित्त मंडळातर्फे प्रकाशझोतात कबड्डी स्पर्धा होतात. गेल्या वर्षीपासून प्रत्येक सामन्याआधी स्पीकरवर राष्ट्रगीत लावतो. यंदा एक वयस्कर गृहस्थ, स्वतः जुने पैलवान, गुडघ्यांमुळे खुर्चीतून उठले नाहीत. राष्ट्रगीत चालू असतानाच चार पोरं त्यांच्यावर ओरडली, कुणीतरी व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला. आता निम्मं मंडळ म्हणतं ही प्रथा बंद करा. निम्मं म्हणतं, बंद केली तर लोक आपल्याला देशद्रोही म्हणतील. तुम्ही पंच म्हणून इतकी मैदानं पाहिलीत, काय करावं?
– मंडळाचा सचिव

उत्तर : आधी त्या आजोबांचं बोलू, कारण तुमच्या पत्रातलं तेच मला सगळ्यात जास्त लागलं. १९७१च्या राष्ट्र गौरव अपमान प्रतिबंध कायद्यात गुन्हा कशाला म्हटलंय? राष्ट्रगीत म्हणण्यापासून जाणूनबुजून कुणाला रोखणं, किंवा ते म्हणणाऱ्या जमावात व्यत्यय आणणं. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस खुर्चीत शांत बसून राहिला, यात रोखणंही नाही आणि व्यत्ययही नाही. ओरडणं मात्र राष्ट्रगीत चालू असताना झालं. मान कुणी मोडला हे त्या पोरांना समोर बसवून सांगा. व्हिडिओ ग्रुपवरून आजच काढून टाकायला लावा. १९८६ साली केरळमधल्या तीन भावंडांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. धर्मश्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत म्हणत नव्हती, पण आदराने उभी राहत होती, तरी शाळेने काढून टाकलं. न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. आदर असतो कसा, याचा इतका बारकाईने विचार देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने केला, आणि आपण मात्र म्हाताऱ्या पैलवानाच्या अंगावर ओरडायचं?

आता मूळ प्रश्न. माझं मत सरळ आहे. प्रत्येक सामन्याआधी नको. स्पर्धेत एकदाच, अंतिम सामन्याआधी, आणि ते लावायचं नाही, सगळ्यांनी म्हणायचं.

असं का, ते मैदानावरच कळतं. मुलींच्या एका स्पर्धेत मी पंच होते. दोन मैदानं शेजारी शेजारी आणि स्पीकर एकच. पलीकडच्या मैदानावर सामना सुरू व्हायचा म्हणून राष्ट्रगीत लागलं, तेव्हा माझ्या मैदानावर चढाई चालू होती. पोरगी दम घेऊन बोनस रेषेपर्यंत गेलेली, कोपऱ्यातल्या दोघी हातात हात घालून तिच्यावर झेपावायच्या बेतात. ती जागेवर सावधान झाली तर दम तुटतो, म्हणजे बाद. नाही थांबली, तर राष्ट्रगीत चालू असताना पळतेय म्हणून लोक बोलणार. मी शिट्टी वाजवून चढाई थांबवली आणि सगळ्यांना सावधान उभं केलं. धापा टाकत, अंगाला माती लागलेल्या त्या मुली उभ्या राहिल्या, पण कुणाचंही मन त्या शब्दांवर नव्हतं. गीत संपताच दोन्ही प्रशिक्षक माझ्याकडे धावले, चढाई कुणाची आणि गुण कुणाचा म्हणून.

रात्री उशीर झाला की आणखी एक प्रकार होतो. सामने रेंगाळलेले असतात, म्हणून निवेदक राष्ट्रगीत मध्येच तोडतो आणि लगेच नाणेफेकीला कर्णधारांना बोलावतो. राष्ट्रगीत पूर्ण म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात. पहिली आणि शेवटची ओळ एवढंच संक्षिप्त रूप सुमारे २० सेकंदांचं, तेही ठरावीक प्रसंगांसाठी. अर्ध्यात तोडलेलं तिसरं रूप कुठल्याच नियमात नाही. रोज आठ सामने म्हणजे आठ वेळा राष्ट्रगीत. तिसऱ्या सामन्यापासून भेळवाला भेळ कालवतच असतो, पोरं मोबाइलमध्ये असतात. अशाने आदर वाढत नाही हो, सवयीने बोथट होतो.

सामन्याआधी राष्ट्रगीताची ही पद्धत अमेरिकेत सगळ्यात मुरली. १९१८ साली पहिलं महायुद्ध चालू असताना बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये बँडने त्यांचं गीत वाजवलं आणि मैदान भारावून गेलं. तेव्हा ते अधिकृत राष्ट्रगीतही नव्हतं, तो दर्जा १९३१ला मिळाला. दुसऱ्या महायुद्धात ते प्रत्येक सामन्याला वाजू लागलं. युद्ध संपलं, प्रथा राहिली. २०१६ साली कॉलिन केपरनिक हा फुटबॉलपटू वर्णद्वेषाच्या निषेधार्थ आधी बसून राहिला, मग गुडघ्यावर टेकला, आणि पुढे सगळा देश कोण उभं आहे आणि कोण नाही हेच मोजत बसला.

आपल्याकडे चित्रपटगृहांचं तेच झालं. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रगीत सक्तीचं केलं आणि जानेवारी २०१८मध्ये स्वतःच ती सक्ती काढली. सक्तीच्या आदेशाच्या थोडं आधी पणजीत व्हीलचेअर वापरणाऱ्या एका प्रेक्षकाला उभा राहिला नाही म्हणून मारलं होतं. तुमच्या गावात मारण्यापर्यंत गेलं नाही, पण वाट तीच आहे, म्हणून आत्ताच थांबा.

लोक देशद्रोही म्हणतील या भीतीवर उत्तर आपल्या मातीतच आहे. कुस्तीच्या मैदानात आखाड्याचं पूजन होतं, नारळ फुटतो, हलगी कडाडते. हे एकदाच होतं. प्रत्येक जोडीला कुणी नारळ फोडत नाही, म्हणून बजरंगबलीवरची श्रद्धा कमी झाली असं कुणी म्हणतं का?

शिवाय राष्ट्रगीत ऐकू येण्यासाठी आपल्या माणसांनी काय मोजलंय ते पोरांना सांगा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत कांस्य जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिरंगा वर चढला, पण सुवर्ण जपानच्या मल्लाचं होतं, म्हणून वाजलं जपानचं राष्ट्रगीत. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णासाठी ‘जन गण मन’ वाजायला २००८ उजाडलं, बीजिंगमध्ये, अभिनव बिंद्रासाठी. आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनमध्ये तिरंदाजीची जगज्जेती झाली तेव्हा ती १७ वर्षांची होती. तिथे तिच्यासाठी वाजलेलं राष्ट्रगीत ऐकताना मी घरात एकटी उभी होते, आणि डोळे भरून आले होते.

तेव्हा असं करा. पेनड्राइव्ह बाजूला ठेवा. अंतिम सामन्याआधी गावच्या शाळेतल्या मुली आणि एक पेटीवाला मध्यभागी उभे करा. सुरुवात खालच्या पट्टीत करायला सांगा. वर धरलं की शेवटच्या ‘जय हे, जय हे, जय हे’मधल्या पहिल्याच ‘जय हे’ला मोठ्या माणसांचा आवाज पोचत नाही आणि लोक गप्प होतात. दुसऱ्या मैदानावरचा खेळ आधीच थांबवा. आजारी, वयस्कर आणि अपंग मंडळींनी बसून राहिलं तरी चालेल, हे निवेदकाने राष्ट्रगीताआधी मोठ्याने सांगावं. आणि हे सगळं ठरवायच्या आधी मंडळातले दोघंतिघं त्या आजोबांच्या घरी जा, ती चार पोरंही सोबत न्या.