अटीतटीची फुटबॉल मॅच नेमकी बघायची कशी?

भाऊ, नवीन माणूस पहिली चूक करतो ती बॉलमागे डोळे पळवण्याची. दुसरी म्हणजे पझेशनच्या, म्हणजे बॉल किती वेळ कोणाकडे होता याच्या टक्केवारीवर विश्वास! बॉल आपल्याच हाफमध्ये फिरवत बसलं तरी ती वाढते. फॉर्मेशनचे, म्हणजे खेळाडूंच्या मांडणीचे आकडे सध्या राहू द्या.

पहिली पंधरा मिनिटं मोकळी जागा कुठल्या बाजूला आहे, एवढंच शोधा. 2022 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये अर्जेंटिनाने फ्रान्सविरुद्ध आपल्या डी मारियाला डावीकडे खेळवलं. पहिला गोल झाला ती पेनल्टी त्याने मिळवली, दुसरा गोलही त्याचाच. फ्रान्सला 41 व्या मिनिटालाच दोन खेळाडू बदलावे लागले. 64 व्या मिनिटाला डी मारिया बाहेर गेला, ती बाजू थंडावली आणि 80-81 व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेने दोन गोल करून बरोबरी साधली.

बरोबरीत मॅच अडकली की मग दोनच गोष्टी:

- बॉल हिसकावल्यावर पहिला पास पुढे जातो की मागे?
- साठाव्या मिनिटानंतर फुलबॅक (कडेचा डिफेंडर) धावत परत येतो की चालत? चालत असेल तर गोल बहुतेक त्याच्या पाठीमागून होणार.

जळगाव-भुसावळला मैदानावर मॅच असली तर गोलपोस्टच्या मागे उभे राहा. डिफेंडरांमधली फट तिथून सरळ दिसते, टीव्हीचा कॅमेरा ती दाखवत नाही.