गणिताचा गृहपाठ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. वर्गसमीकरण समोर दिले की सोडवते, पण शाब्दिक उदाहरणात अडते. हे उदाहरण चुकले : 'पुणे ते कोल्हापूर अंतर २४० किमी मानू. गाडीचा वेग ताशी २० किमीने वाढवला, तर एक तास कमी लागतो. मूळ वेग काढा.'
– एक पालक, कोथरूड

उत्तर : अशा उदाहरणात चूक बहुधा मांडणीत असते. वहीत पहिली ओळ पूर्ण हवी : 'मूळ वेग ताशी क्ष किमी मानू.' नुसते 'क्ष मानू' लिहिले, की दोन ओळींनी क्ष म्हणजे वेग की वेळ, याचाच गोंधळ होतो.

आधी लागणारा वेळ २४०/क्ष तास, नंतरचा २४०/(क्ष + २०) तास. कशातून काय वजा करायचे? वेग कमी तेव्हा वेळ जास्त, म्हणून

२४०/क्ष − २४०/(क्ष + २०) = १

क्रम उलटला तर क्ष² + २०क्ष + ४८०० = ० असे समीकरण येते आणि त्याला वास्तव मुळेच नाहीत. असे झाले की आकडेमोड पुन्हा तपासण्यापेक्षा ही ओळ तपासावी. उदाहरणात 'एक तास'ऐवजी '२० मिनिटे' असते, तर उजवीकडे १/३ लिहावे लागले असते, कारण वेग ताशी दिला आहे.

दोन्ही बाजूंना क्ष(क्ष + २०) ने गुणल्यावर ४८०० = क्ष² + २०क्ष, म्हणजेच क्ष² + २०क्ष − ४८०० = ०.

अवयव पाडताना मुले ४८०० चे सगळे विभाजक लिहीत बसतात. त्याची गरज नाही. गुणाकार ४८०० आणि फरक २० असलेल्या दोन संख्या हव्यात. ४८०० चे वर्गमूळ ६९ च्या आसपास. फरकाचे निम्मे, म्हणजे १०, त्याच्या खाली-वर केले की ५९ आणि ७९ येतात. तिथेच शेजारी ६० आणि ८० सापडतात.

(क्ष + ८०)(क्ष − ६०) = ०, म्हणून क्ष = −८० किंवा क्ष = ६०. 'वेग ऋण नसतो' हे कारण लिहूनच −८० सोडावे. ताळा : २४० ÷ ६० = ४ तास, २४० ÷ ८० = ३ तास.

प्रश्न : △अबक मध्ये रेख डइ ∥ रेख बक. ड हा अब वर, इ हा अक वर. अड = ४, डब = ६, डइ = ५, तर बक किती? माझे उत्तर ७.५ आले, ते चूक दिले.
– इयत्ता दहावी, हडपसर

उत्तर : तू ४/६ = ५/बक असे लिहिले असणार. प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाने अड/डब = अइ/इक मिळते, पण त्यात डइ आणि बक येतच नाहीत. त्यांच्यासाठी समरूपता लागते. ∠अडइ ≅ ∠अबक (संगत कोन), ∠अ सामाईक, म्हणून कोको (कोन-कोन) कसोटीने △अडइ ~ △अबक. आता अक्षरांच्या क्रमानेच बाजू घे : अड/अब = डइ/बक. छेदात पूर्ण बाजू अब येते, म्हणजे ४ + ६ = १०. ४/१० = ५/बक, बक = १२.५. दोन्ही त्रिकोण वेगवेगळे काढलेस तर ही चूक होणार नाही.

प्रश्न : वर्तुळाबाहेरील बिंदूतून काढलेल्या स्पर्शिका बरोबर आल्या, हे घरी कसे पाहावे?
– एक पालक, सिंहगड रस्ता

उत्तर : मोजून. त्रिज्या ३ सेमी आणि केंद्रापासून बिंदू ५ सेमी असेल, तर पायथागोरसच्या प्रमेयाने दोन्ही स्पर्शिकाखंड ४ सेमी भरायला हवेत. लांबी चुकली तर आधी केंद्र आणि बाहेरचा बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक (त्याला मधोमध काटकोनात छेदणारी रेषा) पाहा. कर्कटकात अंतर निम्म्यापेक्षा जेमतेम जास्त घेतले, की कंस रेषेलगतच छेदतात आणि मध्यबिंदू सरकतो. ५ सेमीसाठी साधारण ४ सेमी घ्यावे. मध्यबिंदूवरून काढलेले वर्तुळ केंद्र आणि बाहेरचा बिंदू या दोन्हींतून गेलेच पाहिजे. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, त्यावरच ही रचना उभी आहे. रचनेचे कंस मात्र पुसू देऊ नका.